दाजींचा बंपर आणि खोक्यातली हवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझ्या ताईचे यजमान परदेशात असतात. त्यांच्याकडे एक जुनी छोटी हॅचबॅक आहे, तिचं उत्पादन कधीच बंद झालंय. तिथे सुटे भाग मिळेनात म्हणून त्यांनी मला शब्द टाकला. मी त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीचा समोरचा बंपर, बॉनेट, दोन दरवाजे, हेडलाइटची जोडी, गिअरबॉक्स आणि एअरबॅगसकट स्टिअरिंग व्हील काढून घेतलं. माल स्वस्तात पडला, पण कुरिअरवाल्याने पाठवणावळीचा जो आकडा सांगितला तो अख्ख्या मालाच्या तिप्पट. वजन तर फार नाही! एक मित्र म्हणतो, 'जुनं घरगुती सामान, भेट' असं लिही आणि किंमत नाममात्र दाखव. दुसऱ्याच्या ओळखीचं एक कुटुंब बिऱ्हाड हलवतंय, त्यांच्या कंटेनरमध्ये टाकून दे म्हणतो. दाजींना विचारलं तर 'तू बघ रे, जे काय होईल ते देऊ.' 'जे काय' म्हणजे किती, हे विचारायला जीभ रेटत नाही. दोन महिने सगळं जिन्याखाली पडून आहे. स्वस्तात कसं पाठवू?

*

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले: 'वजन तर फार नाही!' उद्गारचिन्हासकट. कुरिअरवाला लुबाडतोय अशी शंका त्या चिन्हात आहे. बहुतेक तसं नाही. त्याने तुमचा बंपर तोललेला नाही, मोजला आहे.

बंपर पाच किलोचा असेल. पण त्याला खोक्यात घातलं की खोकं होतं साधारण १७० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, ५० उंच. या तिघांचा गुणाकार ४,२५,०००. मोठ्या आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या या आकड्याला सहसा ५,००० ने भागतात आणि जे येतं ते 'वजन' म्हणून धरतात. इथे येतात ८५ किलो. खरं वजन आणि हे मापी वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. म्हणजे पाच किलो प्लास्टिक आणि ऐंशी किलो हवा, दोन्ही एकाच भावाने विमानात बसतात. यात लबाडी नाही. विमानाच्या पोटातली जागा संपते, आणि ती बंपरने संपवली आहे.

आता जिन्याखाली जाऊन गिअरबॉक्स बघा. समजा तो ३५ किलोचा आहे आणि त्याचं खोकं ६० बाय ४५ बाय ४०. मापी वजन येतं २१.६ किलो. खरं वजन त्याहून जास्त, म्हणून तो ३५ चाच धरला जाणार. त्याच्या खोक्यात तुम्ही हवेचे पैसे भरतच नाही आहात. एकाच गाडीतून निघालेल्या या दोन वस्तू पाठवणावळीच्या दृष्टीने एकमेकींच्या उलट आहेत, आणि तुम्ही मात्र दोन्हींचा मिळून एकच भाव मागितलात. 'हे सगळं पाठवायला किती?' या प्रश्नाला तिप्पट हेच उत्तर येणार होतं.

त्यामुळे दर विचारण्याआधी एक संध्याकाळ टेप घेऊन जिन्याखाली बसा. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा: खोक्याचं बाहेरचं माप, वजन, आणि पार्ट नंबर. पार्ट नंबर बंपरच्या मागच्या बाजूला प्लास्टिकमध्येच उठवलेला असतो, हेडलाइटच्या पाठीवर असतो, गिअरबॉक्सवर पट्टी किंवा कोरलेली अक्षरं असतात. ही यादी आणि पार्ट नंबरचे फोटो दाजींना पाठवा आणि त्यांच्या गाडीवरचे नंबर मागवा. 'त्याच मॉडेलची' गाडी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे भाग लावून विकली जाते. बंपरवर नंबर प्लेटची खाच वेगळ्या मापाची असते. गिअरबॉक्सचं नाव तेच आणि आतले दात वेगळे, हेही होतं.

सगळ्यात जपून बघायचे ते हेडलाइट. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात त्या देशातल्या दिव्याचा झोत थोडा डावीकडे वळवलेला असतो, उजव्या बाजूने चालतात तिथल्याचा उजवीकडे. चुकीच्या बाजूचा दिवा लावला तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो सरळ जातो आणि तपासणीत गाडी नापास होते. दाजींच्या देशात गाड्या दुसऱ्या बाजूने धावत असतील तर हेडलाइट इथेच विका. एक खोकं कमी झालं.

एअरबॅगचा तर प्रश्नच नाही, ती काढून ठेवा. एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं, त्यामुळे ती धोकादायक मालात मोडते. धोकादायक मालाच्या यादीत यूएन ३२६८ हा तिचा क्रमांक. ती पाठवायची तर वेगळं पॅकिंग, वेगळे कागद आणि प्रशिक्षित माणूस लागतो, शिवाय वापरलेली एअरबॅग दुसऱ्याच्या गाडीत बसवू नये हे वेगळंच. स्टिअरिंग व्हीलच्या गोल चकतीत ती नुसती विसरून राहिली तर सबंध पेटी अडकते. काढतानाही बॅटरीची तार सोडवून थोडा वेळ थांबा, नाहीतर हे काम मेकॅनिकला सांगा. बॉनेट किंवा मागचा दरवाजा उचलून धरणारे गॅसचे दांडे, बॅटरी, हेही याच यादीत. गिअरबॉक्समधलं तेल पूर्ण काढा, तोंडं बुचांनी बंद करा, वरून पुसून कोरडा करा. तेलाचा एक ओघळ बाहेर दिसला की गोदामातला माणूस पेटी बाजूला काढतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही काढली असती.

बंपरबद्दल मी जरा निष्ठुर आहे. एवढं सगळं पाठवताना सगळ्यात महाग पडणारी आणि सगळ्यात सहज दुरुस्त होणारी वस्तू तीच. चिरलेला प्लास्टिकचा बंपर वेल्ड करून, घासून, रंगवून मिळतो. दाजींचा बंपर नुसता चिरलाय की जागेवर नाहीच, हे तुम्ही विचारलंय का? पत्रावरून वाटतं, नाही. त्यांनी यादी दिली, तुम्ही भावासारखे धावलात. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे त्यांना एकच प्रश्न करा: 'हे नसेल तर गाडी अडते का?' दरवाजे गंजून गेले असतील तर अडते, गिअरबॉक्स नसेल तर अडतेच.

आता समजू या की सगळं तपासून बंपर, बॉनेट, दोन दरवाजे आणि गिअरबॉक्स एवढं जायचं ठरलं. हे जहाजाने पाठवा. पूर्ण कंटेनर घ्यायची गरज नाही. अनेकांचा थोडाथोडा माल एकत्र करून एक कंटेनर भरतात, त्याला या धंद्यात एलसीएल म्हणतात, आणि ते काम फ्रेट फॉरवर्डर करतात. कुरिअरच्या काउंटरवर हा पर्याय कुणी आपणहून सांगत नाही. इथे भाव लागतो तो घनमीटरवर, म्हणजे त्यांच्या भाषेत सीबीएमवर. एक सीबीएम किंवा एक हजार किलो, जे जास्त भरेल ते. तुमचा माल हजार किलोच्या जवळपासही नाही, त्यामुळे फक्त जागेचे पैसे. गिअरबॉक्स इथे जवळजवळ फुकट जातो, कारण समुद्राला त्याच्या पस्तीस किलोंचं काही नाही.

मग जागा कशी वाचवायची? वेगवेगळी खोकी केली तर बंपरचं ०.४२५ सीबीएम, दोन दरवाज्यांची प्रत्येकी १२० बाय ११५ बाय ३० प्रमाणे ०.८२८, बॉनेटचं १४० बाय १२५ बाय २५ प्रमाणे ०.४३७. एकूण साधारण १.६९. आता बंपरकडे वरून बघा, तो इंग्रजी 'यू'सारखा वळलेला आहे. त्याच्या कुशीत बॉनेट आणि दोन्ही दरवाजे उभे, एकामागे एक, मध्ये फोम घालून बसतात का ते जमिनीवर मांडून पाहा. छोट्या गाडीचे बहुधा बसतात. तेव्हा एकच पेटी होते, १७५ बाय ६० बाय १३० ची, म्हणजे १.३७ सीबीएमच्या आत. जवळपास पाचवा हिस्सा जागा वाचली, आणि कोपऱ्यात जी पोकळी उरते तिच्यात आरसे, हँडल, वायरिंग असलं किडूकमिडूक जातं. गिअरबॉक्स तळाला बोल्टने आवळून बसवा, नुसता ठेवू नका. समुद्रात पेटी हलते, सुटलेला गिअरबॉक्स बॉनेटची काय अवस्था करेल ते डोळ्यांपुढे आणा.

दरवाज्यांतून काचा, आतलं पॅड आणि बाहेरचे आरसे काढलेत तर प्रत्येक दरवाजा काही सेंटिमीटर पातळ होतो. थोडं मोजमापाचं वेड लागू द्या, इथे ते फायद्याचं आहे.

पण वेड नीट लागू द्या. मी एकदा अशीच एक पेटी करवून घेतली, फळ्यांपर्यंत मापं घेतली, मनासारखा आकडा आला म्हणून खूश होते. पेटीखाली फोर्कलिफ्टचे दात जावेत म्हणून दहा सेंटिमीटरचे पाय ठोकले होते, ते मोजायचे राहिले. गोदामात टेप जमिनीपासून लावतात. तुमच्या पेटीत तीच चूक केली तर १३० चे १४० होतील आणि १.३७ चे १.४७. पाय हवेतच, त्याशिवाय पेटी उचलता येत नाही, फक्त मापात धरा.

दुसरी गोष्ट, पेटीचं छप्पर सपाट आणि मजबूत करा. 'यावर काही ठेवू नका' असं लिहिलं की माल सुरक्षित राहतो असं वाटतं. होतं असं, की तुमच्या पेटीवरची कंटेनरच्या छतापर्यंतची जागा कुणाला देता येत नाही, आणि ती तुमच्याच बिलात येते. पुन्हा हवेचे पैसे.

लाकूडही बघून घ्या. आंतरराष्ट्रीय मालासाठी कच्च्या लाकडाची पेटी आयएसपीएम १५ या नियमात बसावी लागते, म्हणजे सहसा लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता किमान ३० मिनिटं दिलेली असावी आणि तसा गव्हाच्या लोंबीचा शिक्का फळीवर असावा. किडे लाकडातून देश बदलतात म्हणून हा नियम. प्लायवूडला तो लागू नाही, कारण ते बनतानाच तापवून दाबलेलं असतं. सरळ प्लायची पेटी करा आणि खालच्या पायांपुरतं शिक्क्याचं लाकूड घ्या. जिन्याखालच्या जुन्या फळ्या वापरायचा मोह होईल, टाळा.

आता भाव विचारण्याबद्दल, आणि इथे तुमच्यासारखी पुष्कळ माणसं फसतात. एलसीएलचा समुद्राचा भाडेदर ऐकायला फार गोड असतो, कधी कधी तर शून्य सांगतात. तुम्ही खूश होता, पेटी निघते, आणि पलीकडच्या बंदरावर तिची खरी किंमत उलगडते: टर्मिनल हाताळणी, कंटेनर उघडून माल वेगळा करण्याचा आकार (म्हणजे शुल्क), डिलिव्हरी ऑर्डर, कस्टम्स एजंटची फी, ड्युटी. वर मोफत ठेवायचे दिवस संपले की गोदामभाडं रोज चढतं. ही सगळी बिलं दाजींच्या दारात येणार. म्हणून 'समुद्राचं भाडं किती' असं विचारूच नका. 'माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत, दोन्हीकडचे सगळे आकार धरून, लेखी' असं विचारा. जो फॉरवर्डर पलीकडचे आकार लेखी द्यायला तयार नाही, त्याचा स्वस्त आकडा वहीत लिहूसुद्धा नका. मोठ्या मालवाहू विमानाचाही भाव मागून ठेवा. तिथे भागाकार सहसा ६,००० ने होतो, त्या हिशेबाने तुमची पेटी पायांसकट २४५ किलोंची. बहुतेक परवडणार नाही, पण जहाजाचा आकडा बरा की वाईट हे त्याच्याशेजारी ठेवल्यावर कळतं.

मित्राच्या सल्ल्याचं काय? 'भेट' आणि नाममात्र किंमत. असं करू नका, आणि हे मी नीतीच्या उंच पाटावर बसून सांगत नाहीये. भेटवस्तूंना जिथे सूट असते तिथे ती लहानशा रकमेपर्यंत असते, आणि दीड सीबीएमच्या पेटीत दोन दरवाजे बघून कुठलाच कस्टम्सवाला तिला भेट समजणार नाही. किंमत पटली नाही तर तो स्वतः ठरवतो, दंड लावतो, माल अडकवतो, आणि नाव दाजींचं असतं. दुसरं, विमा तुम्ही लिहिलेल्या किमतीचाच मिळतो. खरी खरेदी किंमत लिहा. ती कमीच आहे, तुम्ही भंगारातून घेतलंय, पावती जोडा. इन्व्हॉइसवर 'कार पार्ट्स' एवढंच लिहू नका, प्रत्येक वस्तू वेगळी, 'वापरलेली' असा शेरा, पार्ट नंबर आणि एचएस कोड, म्हणजे कस्टम्समधला मालाच्या प्रकाराचा क्रमांक. गाडीचे भाग बहुतेक ८७०८ खाली येतात, बंपरचा ८७०८.१०. या कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, म्हणून दाजी त्यावरूनच तिकडची ड्युटी आधी शोधू शकतात. आणि एक गोष्ट त्यांनी नक्की शोधावी: त्यांच्या देशात वापरलेले सुटे भाग आणायला परवानगी आहे का. काही देशांत बंदी आहे, काही ठिकाणी अटी. हे आधी कळलं तर फुकट, बंदरावर कळलं तर फार महाग.

बिऱ्हाडाच्या कंटेनरचंही तसंच. ते कुटुंब घरसामान म्हणून सवलतीत नेणार, त्या यादीवर त्यांची सही असणार. त्यात दुसऱ्याच्या गाडीचे दरवाजे निघाले तर त्यांच्या कपाटांपासून भांड्यांपर्यंत सगळं उघडलं जाईल. ज्यांना तुम्ही ओळखतही नाही त्यांच्यावर हे ओझं टाकू नका. कंटेनर वाटून घ्यायचाच असेल तर त्याच मॉडेलच्या गाड्या जपणाऱ्यांत विचारा. कुणीतरी अख्खी गाडी नाहीतर भागांचा कंटेनर त्या देशात पाठवत असतो आणि त्याला भाड्यात वाटेकरी हवाच असतो. मात्र गाडी चालवत चढवतात त्या रोरो जहाजातून जाणार असेल तर गाडीत सुटे भाग भरू देत नाहीत, बहुतेक कंपन्यांचा तसा नियम असतो.

विमा घ्या. लहान पेटीला हप्ता फारसा नसतो. 'ए' क्लॉजचा घ्या, तो सर्वांत व्यापक. पण तोसुद्धा कच्च्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान देत नाही, म्हणून पेटी बंद करण्याआधी प्रत्येक थराचा फोटो काढा. विम्याचं आणखी एक कारण सांगते. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं होतं, आठवत असेल. ते सोडवण्याचा खर्च 'जनरल अ‍ॅव्हरेज' या जुन्या सागरी प्रथेने मालाच्या मालकांतही वाटला गेला. ज्यांचा माल ठणठणीत होता त्यांनाही हमी दिल्याशिवाय तो सोडवता आला नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते.

आता ती जीभ न रेटणारी गोष्ट. मला वाटतं तुमचा अर्धा खोळंबा पाठवणावळीचा नाहीच, तो 'जे काय होईल ते देऊ' या वाक्याचा आहे. दाजींच्या डोक्यात काहीतरी आकडा आहे, तुमच्या डोक्यात दुसरा, आणि मध्ये ताई उभी आहे म्हणून कुणी बोलत नाही. तुम्ही पैसे मागायचे नाहीत असं वाटत असेल तर मागू नका, त्याला एक सरळ वाट आहे. भाव त्यांना काढू द्या. माल उचलण्यापासून सगळं त्यांच्या गावातला फॉरवर्डरही करू शकतो, आणि पलीकडचे आकार तर त्यालाच जास्त नीट माहीत असतात. तुम्ही फक्त मापं, वजनं, फोटो द्या. आकडा त्यांच्या मेलबॉक्समध्ये त्यांच्याच चलनात पडला की 'जे काय' ला आपोआप रूप येतं. मग ते बंपर वगळतील, सगळंच वगळतील किंवा हसत पैसे भरतील, पण निर्णय त्यांचा असेल. तुम्ही इकडचा एक भाव घेऊन ठेवा, दोन्हींत जो बरा तो घ्यायचा. इकडून पाठवायचं ठरलं तर अट 'डीएपी' ठेवा, म्हणजे दारापर्यंतचं भाडं ठरलेलं आणि ड्युटी घेणाऱ्याची. 'डीडीपी'वर सही करू नका, तिकडची ड्युटीही तुमच्या अंगावर येईल.

आणि दाजींनी आकडा बघून नको म्हटलं तर जिन्याखालचा माल परत विका. बंद झालेल्या मॉडेलचे शाबूत दरवाजे शोधणारी माणसं जवळपासही असतात. तुमचे पैसे बुडालेले नाहीत.

आज रात्री हा निरोप पाठवा, हवा तर जसाच्या तसा: 'दाजी, पेटी १७५ बाय ६० बाय १४० ची होतेय, पायांसकट, वजन दीडशे किलोच्या आत. सोबत फोटो आणि पार्ट नंबर. तुमच्या गाडीवरचे नंबर जुळवून बघा, आणि तिकडच्या दोन फॉरवर्डरकडून दारापासून दारापर्यंतचा भाव काढा. मी इकडून एक काढतोय. वापरलेले भाग आणायला तिकडे चालतं का तेही विचारा. बंपर दुरुस्त होण्यासारखा असेल तर सांगा, पेटी लहान होईल. एअरबॅग पाठवत नाहीये.'